माणूस गेला, जागा उरली : एका क्रेडिट नोटेचा इतिहास

अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलच्या बातम्यांत एक शब्द सारखा भेटतो, 'ट्रेड एक्सेप्शन'. अमुक संघाकडे एवढ्या कोटी डॉलरचं एक्सेप्शन पडून आहे, तमुक संघाचं उद्या संपतंय, वगैरे. वाचणाऱ्याला वाटतं, ही सीए लोकांची कामं, आपल्याला काय त्याचं! पण मी जसजसा या शब्दाच्या मागे गेलो तसतसा मालक आणि खेळाडू यांच्यातल्या जुन्या भांडणाचा इतिहास उलगडत गेला. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

सुरुवात १९७० पासून करू. ऑस्कर रॉबर्टसन हा त्या काळातला फार मोठा खेळाडू आणि खेळाडू संघटनेचा अध्यक्ष. त्याने लीगवर दावा ठोकला. तोपर्यंत करार संपला तरी खेळाडू त्याच संघाला बांधलेला, स्वतःहून दुसरीकडे जायची सोय जवळजवळ नाहीच. सहा वर्षांनी, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूंना दुसरा संघ गाठायची वाट मोकळी होऊ लागली. साहजिकच पगारही वाढू लागले.

१९८० च्या आसपास लीगमधले बरेच संघ तोट्यात होते. मालक म्हणाले, पगारावर मर्यादा घाला. संघटना म्हणाली, मग उत्पन्नातला आमचा वाटा लिहून द्या. गोष्ट संपाच्या इशाऱ्यापर्यंत गेली आणि १९८३ मध्ये करार झाला. लीगच्या ढोबळ उत्पन्नातला ५३ टक्के वाटा खेळाडूंना, आणि त्या बदल्यात प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा. हीच सॅलरी कॅप. १९८४-८५ च्या हंगामात ती ३६ लाख डॉलर होती, २०२४-२५ मध्ये १४ कोटींच्या वर गेली.

पण संघटनेने ही मर्यादा कडेकोट होऊ दिली नाही. आपलाच जुना खेळाडू पुन्हा करारबद्ध करायचा असेल तर संघाला मर्यादा ओलांडता येईल, अशी सूट ठेवली. बोस्टनच्या लॅरी बर्डचं नाव या सुटीला चिकटलं ते कायमचंच. परिणाम असा झाला, की बरेचसे संघ कायम मर्यादेच्या वरच राहू लागले. मग प्रश्न आला, अशा संघांनी एकमेकांत अदलाबदल कशी करायची? उत्तर सोपं होतं : जेवढ्या पगाराचा माणूस द्याल, साधारण तेवढ्याच पगाराचा घ्या.

आता समजा, एका संघाने पावणेदोन कोटी डॉलर पगाराचा खेळाडू दिला आणि बदल्यात कुणीच घेतलं नाही, फक्त नवोदितांच्या निवडीतली पुढची एखादी संधी घेतली. मग ती पावणेदोन कोटींची जागा वाया गेली का? नाही. तिचीच झाली ट्रेड एक्सेप्शन.

ही भानगड समजायला आपल्या कापड दुकानातली क्रेडिट नोट आठवा. साडी परत केली, दुसरी आवडली नाही. दुकानदार रोख देत नाही, चिठ्ठी देतो. इथे चिठ्ठीची मुदत एक वर्ष. तेवढ्या रकमेपर्यंतचा खेळाडू नंतर अदलाबदलीत घेता येतो. थोडी रक्कम आज, थोडी सहा महिन्यांनी, असंही चालतं. मात्र दोन चिठ्ठ्या जोडून एक महाग खेळाडू घेता येत नाही, आणि बाजारात मोकळा असलेला खेळाडू या चिठ्ठीवर करारबद्ध करता येत नाही. शिवाय चिठ्ठी म्हणजे पैसे नव्हेत, नुसती परवानगी. येणाऱ्याचा पगार मालकाने खिशातूनच द्यायचा, आणि संघ फार खर्चिक असेल तर वर लक्झरी टॅक्सही.

हे सगळं कोर्टात टिकलं कसं? १९८४ मध्ये लिऑन वुड नावाच्या नवोदिताला फिलाडेल्फियाने निवडलं. ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेल्या संघातला हा पोरगा. फिलाडेल्फिया आधीच मर्यादेच्या वर, म्हणून त्याला एका वर्षाचे फक्त ७५ हजार डॉलर देऊ केले. वुड कोर्टात गेला : ही तर मालकांनी संगनमताने घातलेली बंदी आहे! १९८७ मध्ये अपील कोर्टाने त्याच्या विरोधात निकाल दिला. कारण महत्त्वाचं आहे. हा नियम मालकांनी एकतर्फी लादलेला नव्हता, खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटी करून मान्य केलेला होता. पुढे हाच वुड एनबीएचा पंच झाला, ही आणखी एक गंमत.

आता चिठ्ठीच्या मागे माणूस कसा असतो ते बघा. आंद्रे इग्वोडाला २०१५ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. गोल्डन स्टेट संघाकडून सलग पाच अंतिम मालिका खेळला. २०१९ च्या उन्हाळ्यात पगाराचं गणित बसवायला संघाने त्याला मेम्फिसकडे पाठवलं. मेम्फिसने त्याला घ्यावं म्हणून वर पहिल्या फेरीतली एक निवडही दिली. मागे उरली १ कोटी ७२ लाख डॉलरची एक्सेप्शन. इग्वोडाला मेम्फिसकडून एकही सामना खेळला नाही.

कोविडमुळे हंगाम लांबला, तशी चिठ्ठीची मुदतही पुढे सरकली. नोव्हेंबर २०२० मध्ये गोल्डन स्टेटचा क्ले थॉम्पसन सलग दुसऱ्या मोठ्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला आणि काही दिवसांत संघाने ती चिठ्ठी वटवून केली उब्रे ज्युनियर आणला. गेलेल्या माणसाच्या पगाराच्या जागेवर, वर्ष उलटून गेल्यावर, तिसराच माणूस! एका हंगामानंतर तोही गेला. इग्वोडाला मात्र २०२१ मध्ये गोल्डन स्टेटला परतला, २०२२ चं विजेतेपद जिंकला, आणि निवृत्तीनंतर २०२३ मध्ये खेळाडू संघटनेच्या कार्यकारी संचालकपदी बसला, आधी हंगामी म्हणून. ज्याच्या जाण्याची चिठ्ठी झाली, तोच पुढे खेळाडूंची बाजू सांभाळायला आला.

मला या इतिहासात अन्यायही दिसतो. घर, शाळा, शेजार सोडून माणसाने एका फोनवर दुसऱ्या शहरात जायचं, आणि त्याच्या जाण्याची किंमत संघाच्या खात्यात जमा. २०२३ च्या करारात तर सर्वात खर्चिक संघांना दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू घ्यायलाही बंदी आली. माझ्या मते याची झळ मधल्या पगाराच्या खेळाडूंना जास्त बसेल. पण हेही खरं, की यातल्या प्रत्येक अटीवर त्यांच्या संघटनेची सही आहे, आणि पटलं नाही तर १९९८ आणि २०११ सारखं टाळेबंदीला तोंड द्यायची तयारीही आहे.

आता आपल्याकडे या. आयपीएलमध्येही मर्यादा आहे. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटींची पर्स होती. अदलाबदलही होते. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पांड्या मुंबईला परतला तेव्हा जागा करायला कॅमेरून ग्रीनला बंगळुरूकडे दिलं, हे आपण सगळ्यांनी चघळून चघळून वाचलं. पण ती पर्स १२० कोटीच का, एकूण उत्पन्नातले किती टक्के खेळाडूंना मिळावेत, हे ठरवताना टेबलाच्या पलीकडे कोण बसतं? २०१९ मध्ये भारतात क्रिकेटपटूंची संघटना झाली, पण ती निवृत्त खेळाडूंची. खेळत असलेल्यांची नाही.

पुढच्या लिलावात कुणाला किती कोटी मिळाले यावर चर्चा होईलच. त्या वेळी हाही प्रश्न विचारून बघा. मोठ्या नावांचं काय, त्यांचं भागेल. मूळ किमतीला विकल्या गेलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या वतीने कोण बोलतं? तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये जरूर लिहा.