पॅरिश शाळा कुणासाठी उघडली, आज कुणाची आहे?



मिशनरी शाळेचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, 'आपल्याला मिशनऱ्यांनी शिकवलं.' दुसरा म्हणतो, 'शाळा म्हणजे धर्मांतराचं आमिष.' शिकण्यासाठी धडपडणारा आपला माणूस दोन्हींत गायब असतो.

1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. 1858 मध्ये सरकारने आपल्या शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे जाहीर केले, पण गावात ते कागदावरच राहिले.

पुढे 1876-78 चा दुष्काळ आला. 1878 च्या सुमारास जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात, राहुरीजवळच्या केंदळला काम सुरू केले. त्यांच्याकडे गेलेले बहुतेक लोक महार होते. ते केवळ धान्यासाठी गेले असे म्हणणे सोपे आहे. पण धान्य हंगामापुरते पुरते; पोराला शाळेत घालणारा बाप पुढच्या पिढीचा विचार करत असतो.

गावातली पॅरिश शाळा म्हणजे अनेकदा एकच खोली. आठवडाभर वर्ग, रविवारी प्रार्थना. मास्तर बहुधा आपल्याच वस्तीतला. मुळाक्षरे तोच गिरवून घेई, प्रार्थनाही तोच सांगे. ज्या वस्तीत सावकाराचा कागद कुणाला वाचता येत नव्हता, तिथे या मास्तराचे मोल काय असेल, ते सांगायला नको. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन धर्मगुरूंना नजरकैदेत टाकले, मायदेशी पाठवले. मास्तर मात्र गावातच होता. या इतिहासाचा नायक तो आहे.

बाबासाहेबांनी मिशनला दोन खडे सवाल केले होते. धर्म बदलूनही जात का टिकते? आणि मिशनचा शिक्षणावरचा पैसा उच्चवर्णीयांच्या मुलांकडे का वळतो?

दुसरा सवाल आजही जिवंत आहे. घटनेच्या कलम 15(5) मधून अल्पसंख्याक संस्था वगळल्या आहेत, म्हणजे तिथे आरक्षणाची सक्ती नाही. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शिक्षण हक्क कायदाही त्यांना लागू नाही, त्यामुळे 25 टक्के जागांचे बंधन नाही. शहरातल्या नामांकित कॉन्व्हेंटच्या दारात आज जातीऐवजी फी आडवी येते.

2016 मध्ये कॅथलिक बिशप परिषदेने चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचे स्वतःच मान्य केले. मग ती कबुली प्रवेशयादीत दिसली पाहिजे. कायद्याची सक्ती नसली तरी दलित मुलांसाठी जागा ठेवायला कुणी अडवलेले नाही.

आणि मित्रांनो, एक सवाल आपल्यालाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. आपणही धम्मदीक्षेनंतर 1990 पर्यंत, तब्बल 34 वर्षे, केंद्राच्या यादीबाहेर होतो. ती झळ सोसलेल्यांनी केंदळच्या त्या मास्तराच्या नातवाला 'तू आमचा नाहीस' म्हणावे?

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. हा संघर्ष त्यांना सोबत घेऊनच.

जय भीम! नमो बुद्धाय!