गांजाची दुकानं आणि रोकड

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०१४ पासून गांजाची किरकोळ विक्री कायदेशीर झाली. २०१२ च्या मतदानात लोकांनीच तसा कौल दिला होता. पण केंद्राच्या १९७० च्या कायद्याने गांजा निषिद्धच होता, आणि बँका पडल्या केंद्राच्या कायद्याला बांधलेल्या. गुन्ह्याचा पैसा सांभाळल्याचा ठपका नको, म्हणून बहुतेक बँकांनी या दुकानदारांना दारातूनच परत पाठवलं. मग पगार रोख, भाडं रोख. सरकारचा करसुद्धा नोटांची पुडकी नेऊन भरायचा! ज्या पैशाला बँक हात लावेना, तो सरकार मोजून घेत होतं, याची मला मोठी गंमत वाटते.

पण जून २०१६ मध्ये ऑरोरा शहरात अशा एका दुकानाचा तरुण पहारेकरी दरोडेखोरांच्या गोळीने मेला. गांजामागोमाग गुन्हे येतातच, असं विरोधक म्हणत. मला ते अर्धंच पटतं. चोराला माल हवा असतो हे खरं. पण गल्ल्यातली रोकड तिथे साठली ती दोन कायद्यांच्या भांडणामुळे. २०१९ मध्ये बँकांना अभय देणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडकून पडलं.