अग्निरथ आणि मलिदा

आम्ही शनिवार पेठेतले. त्यामुळे ‘शनिवार तेली’ या नावाचे मला फार कुतूहल. हे अलिबागकडचे बेने इस्रायल. शनिवारी त्यांचे घाणे बंद, म्हणून लोकांनी ठेवलेले हे नाव. परंपरा सांगते की, नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या समुद्राने गिळल्या. उरला तो पाळायचा शनिवार आणि मुखोद्गत ‘शेमा’ ही प्रार्थना.

त्यांचा संदेष्टा एलिया अग्निरथातून, वावटळीबरोबर स्वर्गात गेला, अशी कथा आहे. आकाश पेटावे आणि शिष्याने खाली उभे राहून नुसते पाहावे, केवढा भयंकर तो देखावा! पण कोकणात हाच रथ अलिबागजवळच्या खंडाळे गावी कातळावरून गेला, अशी श्रद्धा आहे. चाकांच्या खुणाही दाखवतात. नवस फेडताना याच एलियाच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा वाटतात.

१९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेली. मलिदाही बरोबर गेला.

ज्यांचे सर्वस्व समुद्राने नेले, त्यांनीच आकाशातल्या आगीला पोह्यांच्या ताटाशी बोलावले. वाचकहो, भयाला घरचे करण्याचे याहून मोठे धैर्य मला ठाऊक नाही.