तळमजल्यावरचा गाळा

सुपरमार्केट उठल्यापासून आपल्या सोसायटीचा तळमजल्यावरचा गाळा रिकामाच आहे. कुणी म्हणतं बँकेला द्या, कुणी गोडाऊनला. म्हणून थोडा इतिहास.

1948 साली नायगावात, मुंबईच्या गिरणी कामगारांनी ग्राहक संस्था काढली; तिचाच पुढं ‘अपना बाजार’ झाला. तेव्हा आपलं कडेगाव सातारा जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात होतं, आणि साताऱ्याकडची कितीतरी माणसं त्या गिरण्यांत राबत होती. पगारापर्यंत वाण्याची उधारी, हे त्यांचं रोजचं दुखणं. 1968 साली संस्थेनं डिपार्टमेंट स्टोअरही उघडलं. पुढं गिरण्या थांबल्या, मॉल आले, काही शाखांना कुलपं लागली.

आपण भांडार काढलं तर भाडं बुडेल, हे खरंच. पण महिन्याचा किराणा तिथून किती घरं भरणार, त्याची यादी आधी करूया.