परीक्षा कुणाच्या दारात?

परीक्षेचे दिवस आले की कर्नाळ्याच्या थांब्यावर एक चित्र हमखास दिसतं. हातात पारदर्शक पाऊच, त्यात हॉलतिकीट आणि दोन पेनं, नजर हायवेवर. गाडी वेळेत आली तर पनवेल, नाहीतर सहा आसनी रिक्षाची शोधाशोध. आणि मग आपल्या ग्रुपवर तोच जुना वाद. एकजण म्हणतो, "घरी बसून ऑनलाइन घेतली तर काय बिघडतं?" लगेच दुसरा म्हणतो, "ऑनलाइन म्हणजे उघड कॉपी!"

हा वाद कोरोनाने सुरू केला असं आपल्याला वाटतं. तसं नाही. परीक्षेला विद्यार्थ्याने जायचं की परीक्षेने विद्यार्थ्याकडे यायचं, हा प्रश्न आपल्या विद्यापीठाएवढाच जुना आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 ला स्थापन झालं, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे काय, तर शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. 1859 ला पहिली मॅट्रिक झाली, 1862 ला पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, भांडारकर होते. एक कोल्हापूरहून आलेला, दुसरा मालवणचा. दोघांनाही घर सोडून आधी मुंबई गाठावी लागली, मग पुढचं सगळं.

त्या काळी आपल्या भागातून मुंबईला जायचं म्हणजे पनवेल बंदर. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी 1853 ला धावली खरी, पण पनवेलला रेल्वे यायला पुढे शंभरहून जास्त वर्षं लागली. खाडीतून होडीने जायचं, तेही भरती-ओहोटीचा हिशेब करून. कर्नाळ्याच्या पायथ्याचं शिरढोण घ्या. वासुदेव बळवंत फडके तिथे 1845 ला जन्मले. त्यांनाही शिकण्यासाठी कल्याण, मुंबई, पुणे असं फिरावं लागलं. गाव सोडल्याशिवाय विद्या नाही, हा कोकणाचा अलिखित नियमच होता.

आता लिखित नियम बघा. लंडन विद्यापीठाने 1858 ला ठरवलं की कॉलेजात न जाताही कुणी परीक्षा देऊ शकतो. 1865 ला तर त्यांनी परीक्षा थेट मॉरिशसला नेली. प्रश्नपत्रिका समुद्रापार गेली, विद्यार्थी आपल्या बेटावरच बसला. आपल्याकडे मात्र 1857 च्या कायद्यातच अट होती. मान्यताप्राप्त संस्थेत शिकल्याचा दाखला नसेल, तर सिनेटने खास परवानगी दिल्याशिवाय पदवीच्या परीक्षेला बसता येणार नाही. नमुना लंडनचा घेतला, पण लंडनने लगेच दुसऱ्या वर्षी उघडलेलं दार आपल्यासाठी बंदच राहिलं.

परीक्षेचं ठिकाण ही किती मोठी ताकद असते, हे आय.सी.एस.च्या इतिहासात दिसतं. परीक्षा कागदोपत्री सर्वांना खुली, पण घेतली जायची फक्त लंडनला. बोटीचं भाडं, तिकडचा खर्च, समुद्र ओलांडला म्हणून जातीचा बहिष्कार, हे सगळं झेलेल त्यानेच बसायचं. दादाभाई नौरोजींनी आणि काँग्रेसने वर्षानुवर्षं एकच मागणी लावून धरली: हीच परीक्षा एकाच वेळी भारतातही घ्या. 1893 ला ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाने तसा ठरावही केला, सरकारने तो बाजूला ठेवला. भारतात ही परीक्षा प्रत्यक्ष झाली 1922 ला. दरवाजा उघडा आहे म्हणायचं आणि तो सहा हजार मैलांवर ठेवायचा, असा तो न्याय.

पण थांबा, याची दुसरी बाजूही आहे. नाशिकला जन्मलेल्या, पुण्यात वाढलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 ला ऑक्सफर्डमध्ये कायद्याच्या परीक्षेला बसल्या. पुरुषांबरोबर हॉलमध्ये नको, वेगळ्या जागी बसून पेपर लिहा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ते मानलं नाही. शेवटी विद्यापीठाला खास ठराव करून त्यांना सर्वांबरोबर हॉलमध्ये बसू द्यावं लागलं. बाईंचं म्हणणं साधं होतं. वेगळ्या खोलीत दिलेल्या परीक्षेला उद्या लोक वेगळीच किंमत लावतील.

आता 2020 आठवा. 'कोरोना बॅच' हे शब्द आठवतात ना? त्या पोरांच्या पदवीला लोकांनी वेगळीच किंमत लावली. सोराबजीबाईंना जी भीती होती, ती आपल्या मुलांच्या वाट्याला आली.

त्या वर्षी काय झालं ते नीट आठवू. राज्य सरकार म्हणत होतं परीक्षा नको, यूजीसी म्हणत होती घ्याच. 28 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: अंतिम वर्षाची परीक्षा न घेता पदवी नाही, फार तर तारीख पुढे मागा. मग ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाची ऑनलाइन परीक्षा झाली. एक तास, पर्यायी प्रश्न, 50 गुण. दूरस्थ विद्यार्थ्यांची परीक्षा मध्येच अडकली, विद्यापीठाने सायबर हल्ल्याचं कारण दिलं. 12 ऑक्टोबरला तर मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीजच गेली आणि त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलावे लागले. माझी भाची तेव्हा मोबाइलची शेवटची चार टक्के बॅटरी धरून बसली होती. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. आणि त्याआधी जूनमध्ये निसर्ग वादळाने आपल्या रायगडातल्या कित्येक गावांचे खांब आडवे केले होते. होडीच्या जागी रेंज आली, एवढाच फरक. भरती-ओहोटीचा हिशेब होताच.

म्हणून मला वाटतं, ऑनलाइन की ऑफलाइन हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा की अंतराचा खर्च कुणी सोसायचा? विद्यार्थ्याने की विद्यापीठाने?

आपल्याकडे याचं चांगलं उत्तरही सापडलेलं आहे. मुंबई विद्यापीठाने 1971 ला पत्रद्वारे शिक्षण सुरू केलं. 1989 ला नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं. अभ्यास घरी, परीक्षा जवळच्या कॉलेजातल्या केंद्रावर. नोकरी करणारे, लग्न झालेल्या मुली, शेतात राबणारे, कितीतरी लोक यातून पदवीधर झाले. हॉल तोच, पर्यवेक्षक तोच, पेपर तोच, फक्त केंद्र जवळ. लंडनने मॉरिशसला नेमकं हेच केलं होतं.

तेव्हा मागायचं तर हे मागूया. केंद्र तालुक्यातच असावं. पेपरची वेळ पहिल्या एसटीने पोचता येईल अशी असावी. ऑनलाइन घ्यायचीच असेल तर जवळच्या कॉलेजच्या संगणक कक्षात, पर्यवेक्षकासमोर घ्या. वीज किंवा नेट गेलं तर पुन्हा संधी कधी, हे आधीच छापील नियमात असावं, नंतर उपकार म्हणून नको. दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा मिळायला हवीत, हे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहेच. ते प्रत्येक केंद्रावरच्या माणसाला माहीत असावं, म्हणजे पोराला ऐन वेळी भांडावं लागणार नाही.

डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत एकच विद्यापीठ आहे आपलं. एवढ्या लांब पट्ट्यात सर्वांना एकच पेपर द्यायचा, तर पेपरपर्यंतचा रस्ताही त्यातल्या त्यात सारखा हवा ना?

तुमचं परीक्षा केंद्र घरापासून किती लांब होतं, आणि कसे पोचलात? खाली लिहा. आणि उद्या थांब्यावर हातात पाऊच घेतलेलं पोर दिसलं, तर गाडीत जागा द्या. नियम बदलायला वेळ लागतो, पेपर मात्र वेळेवर सुरू होतो.