कामाइशी : कारखान्याच्या संघापासून नगराच्या संघापर्यंत

निप्पॉन स्टील कामाइशी सीवेव्ह्ज हा जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील इवाते प्रांतातील कामाइशी या बंदराच्या शहरातील रग्बी युनियन संघ आहे. पोलाद कारखान्यातील कामगारांचा संघ म्हणून 1959 मध्ये त्याची स्थापना झाली. जपानचे राष्ट्रीय अजिंक्यपद सलग सात वेळा पटकावण्याचा पहिला मान या संघाकडे जातो.

कामाइशी ही जपानच्या आधुनिक लोहउद्योगाची जन्मभूमी मानली जाते. अभियंता ओशिमा ताकातो यांनी 1857 मध्ये येथेच पाश्चात्त्य पद्धतीच्या झोतभट्टीतून लोखंड गाळण्यात यश मिळवले. रग्बी संघ स्थापन झाला तेव्हा येथील कारखाना फुजी आयर्न अँड स्टील या कंपनीचा होता. ही कंपनी व यावाता स्टील यांच्या विलीनीकरणातून 1970 मध्ये निप्पॉन स्टील उदयास आली.

संघातील अनेक खेळाडू ईशान्य जपानमधील शाळांतून थेट कारखान्यात रुजू झालेले तरुण होते. पाळी संपल्यावर ते सराव करीत. मेइजी विद्यापीठातून आलेले मोरी शिगेताका व फ्लाय-हाफ मात्सुओ युजी यांनी या कणखर संघाला वेग आणि डावपेचांची जोड दिली. 1977 मध्ये पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले आणि 1979 ते 1985 या काळात सलग सात विजेतेपदे. राष्ट्रीय अंतिम लढतीत त्या काळी कंपनी संघांचा विजेता व विद्यापीठांचा विजेता आमनेसामने येत. टोकियोच्या प्रेक्षागारात कामाइशीचे समर्थक कोळ्यांच्या नौकांवरील रंगीत पताका फडकावीत. ‘उत्तरेचे पोलादी पुरुष’ हे बिरुद संघाला याच काळात लाभले.

1985 च्या अंतिम सामन्यात कामाइशीने दोशिशा विद्यापीठाचा पराभव केला. पराभूत संघातील हिराओ सेइजी पुढे कोबे स्टीलकडून खेळले आणि त्या संघाने 1989 ते 1995 दरम्यान सलग सात विजेतेपदांच्या विक्रमाशी बरोबरी साधली.

दरम्यान पोलाद उद्योगातील मंदीने कामाइशीला ग्रासले. 1960 च्या दशकात 90 हजारांवर गेलेली लोकसंख्या ओसरत गेली आणि 1989 मध्ये शेवटची झोतभट्टी विझली. कंपनीला एकटीने संघ चालवणे कठीण झाले, तेव्हा 2001 मध्ये त्याचे रूपांतर नागरिकांच्या क्लबमध्ये करण्यात आले व ‘सीवेव्ह्ज’ हे नाव देण्यात आले. कंपनी मालकाऐवजी पाठीराखी झाली.

11 मार्च 2011 च्या भूकंप व त्सुनामीत कामाइशीत सुमारे एक हजार जण मृत वा बेपत्ता झाले. सराव बाजूला ठेवून खेळाडूंनी मदतसाहित्य वाहून नेले. ऑस्ट्रेलियाचे स्कॉट फार्डी यांनीही मायदेशी न परतता या कामात हात लावला. पुढे ते आपल्या राष्ट्रीय संघातून खेळले.

उनोसुमाई भागातील दोन शाळांची मुले त्या दिवशी उंच जागी धावत जाऊन बचावली होती. त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या त्याच शाळांच्या जागेवर 2018 मध्ये स्मारक क्रीडांगण उभे राहिले. तेथे 25 सप्टेंबर 2019 रोजी विश्वचषकात उरुग्वेने फिजीला 30-27 असे नमवले. नामिबिया-कॅनडा सामना मात्र हगिबीस वादळामुळे रद्द झाला आणि कॅनडाच्या खेळाडूंनी शहरातील चिखल उपसण्यास मदत केली.

2022 मध्ये जपान रग्बी लीग वन सुरू झाली, तेव्हा संघाला दुसऱ्या श्रेणीत स्थान मिळाले आणि कंपनीचे नाव त्याच्या नावाशी पुन्हा जोडले गेले. सलग सात विजेतेपदांचे ते वैभव परतलेले नाही. परंतु ज्या झोतभट्ट्यांच्या बळावर संघ जन्मला, त्या विझल्यानंतरही नगराने तो जिवंत ठेवला आहे.