दुसरा रोगी

वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्यांना दोन प्रकारच्या नावांचे विशेष प्रेम असते: शोध लावणाऱ्या डॉक्टरांच्या आणि यंत्रांच्या. ज्याच्या हातात सुई गेली, ज्याने यंत्राशेजारी पडून रात्रींमागून रात्री काढल्या, तो रोगी बहुधा तळटिपेत जाऊन बसतो. मूत्रपिंडाच्या रोगाचा इतिहास मात्र असा आहे की, त्यातून रोगी वगळला तर उरलेली कथाच उमगत नाही. किंबहुना माझे म्हणणे असे की, या रोगावर माणसाने मिळविलेल्या विजयातला निम्मा वाटा यंत्राचा असेल, तर उरलेला निम्मा एका रोग्याने दुसऱ्याला दिलेल्या सोबतीचा आहे.

पाठीच्या कण्याच्या दोहो बाजूंस असलेले हे मुठीएवढे दोन अवयव. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ते गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर मूत्र तेवढे बाहेर टाकतात. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली या अवयवांच्या विकाराचे साक्षेपी वर्णन केले. पुढे शंभराहून अधिक वर्षे हा विकार ‘ब्राइटचा रोग’ म्हणूनच ओळखला जाई. वर्णन झाले, नाव मिळाले. पण दोन्ही मूत्रपिंडे कायमची थांबली की डॉक्टरांच्या हाती काही उरत नसे. अंगावर सूज चढे, अन्नावरची वासना उडे, ग्लानी येई, आणि घरातली माणसे काय ते समजून जात.

पहिला मार्ग निघाला तो दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना कांपेन या लहानशा गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने लाकडी पट्ट्यांचे एक फिरते पिंप तयार केले, त्यावर मांसाच्या वळकट्या भरण्याची सेलोफेनची नळी गुंडाळली आणि ते क्षारमिश्रित पाण्याच्या टाकीत फिरवीत ठेवले. नळीतून रक्त वाहे आणि त्यातील विष पाण्यात उतरे. १९४३ साली हे काम सुरू झाले. पहिले पंधराएक रोगी दगावले. १९४५ च्या सप्टेंबरात एक ६७ वर्षांची स्त्री बेशुद्धीतून जागी झाली, आणि यंत्र प्राण वाचवू शकते हे सिद्ध झाले. परंतु हा उपाय तात्पुरत्या बिघाडापुरताच होता. दर खेपेस नवी रोहिणी आणि नवी नीला उघडावी लागे, आणि माणसाच्या अंगात त्या असून असून किती असणार?

ही अडचण दूर केली अमेरिकेतील सिॲटल शहरच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी. रोहिणीत एक आणि नीलेत एक अशा टेफ्लॉनच्या दोन नळ्या कायमच्या बसवावयाच्या आणि एरवी बाहेरून त्यांची टोके एकमेकांस जोडून ठेवावयाची, अशी ती युक्ती. ९ मार्च १९६० रोजी बोइंग विमान कारखान्यातील क्लाइड शील्ड्स या यंत्रकामगारावर ती अमलात आली. शील्ड्स पुढे अकरा वर्षे जगला.

त्या माणसाची स्थिती क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. डॉक्टर हुशार होते, प्रेमळही होते. पण मूत्रपिंडाविना वर्षानुवर्षे यंत्रावर जगलेला एकही मनुष्य तेव्हा पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. उद्या कसे वाटेल, हात बधिर झाला तर काय समजावयाचे, पुन्हा कामावर जाता येईल काय, बायकोला खरे सांगावे की धीर द्यावा, हे सारे विचारावयाचे कोणाला? त्याच महिन्यात हार्वे जेंट्री नावाचा बुटांचा विक्रेता याच उपचाराखाली आला. मला या इतिहासात हा दुसरा रोगी पहिल्याइतकाच मोठा वाटतो. त्याच्यापुढे निदान एक जिवंत मनुष्य होता. पहिल्याला केवळ आशा होती. दुसऱ्याला दाखला मिळाला. मीठ कमी केले आणि अंगातले जादा पाणी काढले की चढलेला रक्तदाब उतरतो, यांसारखे धडे डॉक्टरही याच पहिल्या मंडळींकडून शिकले.

पण लगेचच असा काही प्रसंग उद्भवला की, हे सोबती एकमेकांचे प्रतिस्पर्धी व्हावयाचे. १९६२ च्या जानेवारीत सिॲटलला कृत्रिम मूत्रपिंड केंद्र उघडले. खाटा तीन, आणि मागणारे कितीतरी. तेव्हा निवडीसाठी सात जणांची समिती नेमण्यात आली: एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यविशारद. त्यांची नावे गुप्त राहत. रोग्याचे वय, लग्न, मुलेबाळे, मिळकत, शिक्षण, मनाचा तोल, समाजाला होणारा उपयोग, हे सारे पाहून ती निवाडा देई. ९ नोव्हेंबर १९६२ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांनी हा प्रकार चव्हाट्यावर आणला तेव्हा अमेरिका हादरली. समितीतील माणसे दुष्ट नव्हती. तीन खाटांवर दहा माणसे बसवावयाची कशी, हा प्रश्न कोणाही सज्जनाला रडवील असाच आहे. पण एकाला जागा मिळाली म्हणजे दुसऱ्याची गेली, हे जेथे उघड आहे तेथे रोग्याने रोग्याशी मोकळेपणाने बोलावे तरी कसे?

या कोंडीतून रोगीच बाहेर पडले. १९६९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डायलिसिसवर असलेल्या सहा जणांनी एकत्र येऊन रुग्णांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. आज ती ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ किडनी पेशंट्स’ या नावाने चालते. आपल्यात जागेसाठी झगडावयाचे नाही, जागाच वाढवून मागावयाच्या, हे शहाणपण या उद्योगात होते. १९६७ सालीच गॉट्शॉक समितीने सर्व गरजूंना सरकारी खर्चाने उपचार मिळावा अशी शिफारस केली होती. पण ती कागदावरच होती. ४ नोव्हेंबर १९७१ रोजी संघटनेचा उपाध्यक्ष शेप ग्लेझर प्रतिनिधीगृहाच्या समितीसमोर साक्षीला गेला तो यंत्र बरोबर घेऊनच. सभासदांच्या देखत रक्त नळीतून वाहत असताना त्याने आपले म्हणणे मांडले. यात जिवाला धोका आहे असे जाणत्यांचे मत होते, आणि ते खोटे नव्हते.

केवळ या एका प्रसंगाने कायदा झाला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अनेकांचे श्रम त्यामागे होते. परंतु आकड्यांना चेहरा मिळाला तो त्या दिवशी. १९७२ च्या सप्टेंबरअखेर सिनेटने ही दुरुस्ती ५२ विरुद्ध ३ मतांनी संमत केली. ३० ऑक्टोबरला अध्यक्ष निक्सन यांची सही झाली आणि १ जुलै १९७३ पासून जवळजवळ सर्व अमेरिकनांना, वयाची अट न ठेवता, हा उपचार सरकारी खर्चाने मिळू लागला. सात जणांच्या त्या समितीला काम उरले नाही. इंग्लंडात १९७५ साली एलिझाबेथ वॉर्ड या बाईंनी रुग्णांची संस्था काढली. त्यांचा मुलगाच या रोगाने आजारी होता.

कायदे झाले, खाटा वाढल्या. तरी रोग्याने रोग्याला सांगावयाचे काही उरतेच. मी शिक्षक आहे, म्हणून शाळेचाच दाखला देतो. नव्या मुलाला वेळापत्रक मुख्याध्यापक सांगतात. पण कोणत्या नळाला पाणी येते, कोणते गुरुजी रागावले तरी मनाने मऊ आहेत, हे त्याला शेजारच्या बाकावरचा मुलगाच सांगतो, आणि त्यावरच नव्याचा जीव रमतो. डायलिसिसच्या दालनातही तसेच आहे. एका पाळीची माणसे आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास शेजारी पडून असतात. दिवसाचे पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवावे आणि औषधाचा घोटही त्यातूनच घ्यावा. फारच तहान लागली तर बर्फाचा एखादा खडा चघळावा. पालेभाजी आणि बटाटे भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे त्यातले पोटॅशियम कमी होते. दिवाळीत चकली-शेव कोणी आग्रहाने वाढली तर काय सांगून सुटका करून घ्यावी: ही विद्या आहारतज्ज्ञाच्या कागदावर असते, पण ती पाळता येते हा विश्वास शेजारच्या खाटेवरून येतो. १९६६ पासून रोहिणी आणि नीला कातडीखालीच जोडण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. या जोडाला फिस्टुला म्हणतात. नवखा मनुष्य सुईच्या नावाने पांढराफटक पडतो. तेव्हा जुना रोगी आपली बाही वर करतो आणि त्याची बोटे आपल्या मनगटावर ठेवून आतली थरथर जाणवू देतो. त्या स्पर्शात जे असते ते व्याख्यानात नसते. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरेच. पण ज्याचे जळून गेले आहे तोच दुसऱ्याला वाट दाखवू शकतो, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण १९७१ साली वेल्लोरला झाले. १९९४ साली अवयवरोपणाचा कायदा आला. तो अगोदर लागू करून घेणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र व गोवा होते. मूत्रपिंडांच्या बाजाराला आळा घालणे आणि मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाला वाट करून देणे, हे त्याचे दोन हेतू. २०१६ साली जिल्हा रुग्णालयांतून गरिबांसाठी मोफत डायलिसिसची राष्ट्रीय योजना निघाली. तथापि जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यासाठी पहाटेची एसटी धरावी लागते, रोजंदारी बुडते, सोबतीला येणाऱ्याचाही दिवस जातो; आणि पैशाअभावी तीनऐवजी दोनच फेऱ्यांवर भागविणारे पुष्कळ आहेत. याहून जड ओझे लपवालपवीचे असते. मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून बापाचा रोग झाकावयाचा, नोकरी जाईल म्हणून तरुणाने हातावरच्या खुणा पूर्ण बाहीखाली दडवावयाच्या. अशा माणसाला सांत्वनाचे शब्द नको असतात. त्याला हवा असतो याच वाटेने पुढे गेलेला, नोकरी टिकविलेला, मुलीचे लग्न उजळमाथ्याने केलेला एक मनुष्य.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. सोबती हा डॉक्टर नव्हे. “मला अमक्या पाल्याने गुण आला,” असे सांगणारा जितका मायाळू, तितकाच तो धोक्याचा. एकाला चालणारे शहाळे दुसऱ्याचे हृदय थांबवू शकते, कारण रक्तात पोटॅशियम किती चढले आहे हे चेहऱ्यावर दिसत नाही. ते तपासणीच सांगते. चांगला जुना रोगी स्वतःचा अनुभव सांगतो, दुसऱ्याचे औषध बदलत नाही, आणि “हे डॉक्टरांना विचार” असे म्हणण्यात कमीपणा मानीत नाही. पण कसे मरावे, कोणते उपचार नकोत, हे कठीण बोलणे मात्र सोबत्याच्या तोंडूनच सोपे होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मिशिगन राज्यातील एका अभ्यासात आफ्रिकी-अमेरिकी रोग्यांनी अशा इच्छा लेखी नोंदविण्यास छापील माहितीपेक्षा समदुःखी माणसाच्या बोलण्याचा अधिक उपयोग झाला, असे आढळून आले.

आज एकट्या अमेरिकेत पाच लाखांहून अधिक माणसे डायलिसिसवर जगतात. शील्ड्सला विचारावयास कोणी नव्हते. आजच्या रोग्याला ती सबब उरलेली नाही. आपल्या तालुक्याच्या गावातही या वाटेवरचा एखादा जुना मुसाफिर असतोच. गरज एवढीच की, त्याने आपली बाही वर करावयाची, आणि आपण गावकऱ्यांनी त्याला ती खाली ओढावयास लावावयाची नाही.